निर्मितीचा करार आणि आराखड्यातील फेरफार : इंदापूर व बारामती तालुक्यांच्या औद्योगिक इतिहासातील एक प्रश्न

महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासाचे जे लेखन आजवर झाले आहे त्यात भांडवल कोणी उभे केले, मजूर कोठून आले, संरक्षक जकातीमुळे कोणता धंदा तरला, या प्रश्नांचा ऊहापोह पुष्कळ आढळतो. कारखान्यात जी वस्तू प्रत्यक्ष घडते तिच्या आराखड्याकडे मात्र इतिहासकाराची दृष्टी क्वचितच वळते. यंत्राच्या आराखड्याच्या कागदावर एका कडेस लहानशी चौकट आखलेली असते. आराखड्यात जेव्हा जेव्हा फेरफार होतो तेव्हा तेव्हा त्या चौकटीत एक ओळ वाढते : फेरफाराचा अनुक्रम, तारीख, काय बदलले याचे दोन-चार शब्दांतील वर्णन आणि मान्यता देणाऱ्याची आद्याक्षरे. कारखान्यातील लोक या नोंदीस ‘रिव्हिजन’ म्हणतात. दिसायला ही नोंद अगदी क्षुल्लक; परंतु विकणारा आणि घेणारा यांच्यातील संबंधाचा इतका नेमका पुरावा दुसऱ्या कोणत्याही कागदात सापडत नाही.

करारावर सह्या होतात तेव्हा वस्तू ठरलेली आहे असे उभय पक्ष धरून चालतात. किंमत त्या ठरलेल्या वस्तूची असते आणि मुदतही तिचीच. वस्तुतः अवजड यंत्राचा आराखडा सहीच्या दिवशी क्वचितच पुरा झालेला असतो. धातूची पट्टी योजल्या जाडीची मिळत नाही, जोडकामाला हात पोचत नाही, घेणाऱ्याची गरज वाढते, सरकारचा नियम बदलतो. आणि कागदावरची वस्तू हळूहळू दुसरीच होऊ लागते. असे फेरफार किती झाले, हा प्रश्न आमच्या मते गौण आहे. फेरफार करण्याचा अधिकार कोणाच्या हाती होता आणि त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडला, हे दोन प्रश्न महत्त्वाचे होत. इंदापूर आणि बारामती या लगतच्या दोन तालुक्यांत गेल्या नव्वद वर्षांत या दोन प्रश्नांची तीन निरनिराळी उत्तरे दिली गेली. साखरेच्या यंत्रांच्या करारात अधिकार आणि भार हे दोन्ही बव्हंशी निर्मात्याकडे होते. अग्निबाण व अणुभट्ट्यांच्या कामात अधिकार खरेदीदाराकडे गेला. आणि वाहनाच्या सुट्या भागांच्या धंद्यात अधिकार वर व भार खाली, अशी फारकत झाली. प्रस्तुत निबंधात या तीन अवस्थांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी पाहिली पाहिजे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने फेरफाराला जागा ठेवली आहे, परंतु ती संमतीच्या अटीवर. कलम ६२ प्रमाणे उभय पक्षांनी मूळ कराराऐवजी नवा करार केला किंवा मूळ करारात बदल केला, तर मूळ करार पाळण्याचे कारण उरत नाही. कलम ६३ प्रमाणे ज्याला वचन दिले गेले तो वचनपूर्तीत पूर्ण वा अंशतः सूट देऊ शकतो, मुदत वाढवू शकतो. ही दोन कलमे वाचताना असे वाटते की दोन समान बळाची माणसे समोरासमोर बसून बोलत आहेत. व्यवहारात एक बाजू आराखडा काढते आणि दुसरी घडविते. अशा वेळी आराखडाच चुकीचा निघाला तर काय, याचे उत्तर या कलमांत शोधून सापडत नाही. इंग्लंडात त्याच सुमारास ते दिले गेले. लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या कामात नगरसंस्थेच्या अभियंत्याने पाण्याखालील पायासाठी लोखंडी पेट्या आखून दिल्या होत्या. भरतीच्या दाबापुढे त्या टिकेनात. कंत्राटदाराला ओहोटीच्या वेळा साधून काम करावे लागले आणि त्याने झालेल्या खोटीची भरपाई मागितली. १८७६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ती नाकारली. आराखडा देणारा तो साध्य असल्याची हमी गर्भितपणे देत नाही. निविदा भरण्यापूर्वी तपासून घेणे हे कंत्राटदाराचे काम, असा त्या निर्णयाचा आशय होता.

योगायोग असा की त्याच साली दख्खनमध्ये दुष्काळ पडला. त्या दुष्काळाच्या अनुभवातून नीरा डावा कालवा निघाला आणि आज ज्या तालुक्यांबद्दल आपण बोलत आहोत त्यांचे रूप पालटले. कालवे, रूळमार्ग आणि बोगदे यांच्या बांधकामात फेरफाराचा एक व्यवहार्य तोडगा पूर्वीच रुळला होता. तेथे किंमत संपूर्ण कामाची नसून बाबवार दराची असते; खोदाई वाढली तर मोजमाप वहीत ती चढते, दर नसलेले काम निघाले तर ते ‘जादा बाब’ ठरते. तंटे होत नसत असे नव्हे, परंतु फेरफार मोजता येत असे. वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) हे या जगातून आलेले गृहस्थ होते. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटे घेण्यापासून त्यांनी धंद्यास प्रारंभ केला आणि बोरघाटातील बोगद्यांसारखी कामे पुढे त्यांच्या हातून झाली. मोजमाप वहीवर ज्याचा पिंड पोसला गेला अशा माणसाने पुढे यंत्रनिर्मितीचे गाव वसवावे, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. कारण यंत्र हे घनफुटांनी मोजून घेता येत नाही.

१९३२ च्या साखर उद्योग संरक्षण कायद्याने परदेशी साखरेस पायबंद बसला आणि देशातील साखर कारखान्यांची संख्या तीस-बत्तीसावरून पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेली. नीरेच्या कालव्याखालील कळंब येथे ऊसमळा व कारखाना निघाला तो याच लाटेत. त्या वस्तीचेच पुढे वालचंदनगर झाले. त्या काळी साखर कारखान्यांची यंत्रे परदेशांतून येत. त्यांचे आराखडे तिकडचे, बदल करणारे तिकडचे, आणि येथील माणसाचे काम मोडलेला भाग जुळवून हंगाम पार पाडण्याचे. दुसऱ्या महायुद्धात जहाजे अडली, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हा साखर कारखान्यांच्या दुरुस्तीच्या कार्यशाळांना ओतकामापासून कातकामापर्यंत पुष्कळ काही स्वतः करावे लागले. दुरुस्ती करणारा माणूस आराखड्याचा पहिला टीकाकार असतो. कोणता दट्ट्या कोठे झिजतो, कोणते बेअरिंग तापते, हे त्यालाच कळते. आणि नवा भाग घडविताना तो जुन्या आराखड्यात न सांगता सुधारणा करतो. स्वातंत्र्यानंतर वालचंदनगरच्या कार्यशाळेतून साखरेची संपूर्ण यंत्रसामग्री बाहेर पडू लागली तिच्यामागे दुरुस्तीचे हे शिक्षण होते.

साखरेच्या यंत्रांचा करार कसा असे? खरेदीदार, म्हणजे बहुधा नव्याने नोंदलेली सहकारी संस्था, आराखडा विकत घेत नसे. ती क्षमता विकत घेई. दिवसाला अमुक टन ऊस गाळला गेला पाहिजे, उसातील इतका रस निघाला पाहिजे, वाफ इतक्यापेक्षा अधिक लागता कामा नये, अशा हमी करारात असत आणि किंमतीचा काही भाग हमी सिद्ध होईपर्यंत राखून ठेवला जाई. गिरणीचे रोलर कोणत्या खाचांचे, त्यांमधील फट किती, पॅनच्या नळ्या कशा बसवाव्यात, हे निर्मात्याने पाहावे. म्हणजे आराखड्यात फेरफार करण्याची त्याला मुभा होती, त्याचप्रमाणे त्याचे फळ भोगण्याची जबाबदारीही त्याचीच होती. उभारणीच्या जागी फिटरने एखादा आधार तोडून दुसरीकडे जोडला तर त्यासाठी कोणाची लेखी मान्यता लागत नसे. गाळप नीट झाले की झाले.

या व्यवस्थेला एकच मोठी मर्यादा होती, आणि ती काळाची. ऊस थांबत नाही. बॉयलर पेटविण्याचा दिवस, गव्हाणीत पहिली मोळी टाकण्याचा दिवस हे सभासदांच्या उभ्या पिकावरून ठरतात. तोडणीची वेळ टळली की उसाचे वजन घटते व उतारा उतरतो. म्हणून आषाढात केलेला फेरफार आणि दसऱ्याच्या तोंडावर केलेला फेरफार हे आराखड्यावर सारखेच दिसले तरी किंमतीने सारखे नसत. शेतकऱ्याने भागभांडवल भरलेले, कर्जाचे हप्ते बांधलेले. यंत्र उशिरा लागले तर निर्मात्याचा काही टक्के दंड आणि सभासदांचा एक संपूर्ण हंगाम, असा हिशेब पडे. करारातील दंडाचा आकडा या दुसऱ्या नुकसानीच्या जवळपासही पोचत नसे. सहकारी साखर कारखानदारीचे इतिहास लिहिणाऱ्यांनी या अंगाकडे पाहिले पाहिजे असे आम्हांस वाटते.

येथे एका उपायाचा उल्लेख केला पाहिजे. साखर कारखान्यांसाठी जे प्रमाण विनिर्देश पुढे तयार झाले त्यांत दिवसाला १२५० टन गाळपाचा कारखाना नंतर २००० टनांपर्यंत वाढविता यावा, अशी सोय आधीच धरलेली होती. म्हणजे सर्वांत संभवनीय फेरफार हा करारापूर्वीच आराखड्यात सामावून घेतला गेला : जागा सोडली, पाया थोरला केला, काही यंत्रे मुळातच मोठी घेतली. फेरफाराचे नियमन करण्याचा याहून स्वस्त मार्ग कोणता असेल असे वाटत नाही. पण तो तेथेच चालतो, जेथे उद्या काय लागेल हे आज ठाऊक असते.

१९७० नंतरच्या दशकात वालचंदनगरच्या कार्यशाळेत निराळ्याच वस्तू येऊ लागल्या. भारतीय अवकाश संशोधन संस्थेच्या एसएलव्ही-३ या पहिल्या उपग्रहवाहकाचा पहिला टप्पा एक मीटर व्यासाचा आणि सुमारे दहा मीटर लांबीचा होता; त्याचे घन इंधन जिच्यात भरावयाचे ती पोलादी नळी, म्हणजे मोटरचे कवच, घडविणे हे साखरेच्या पॅनच्या पत्राकामाहून दिसण्यात फारसे वेगळे नव्हते. पत्रा वाकवावयाचा, शिवण जोडावयाची, कडी बसवावयाची. हातांचे कौशल्य तेच होते. पण करार मात्र उलटा होता. आता खरेदीदार क्षमता विकत घेत नव्हता. आराखडा त्याचा, पोलादही बहुधा त्यानेच पुरविलेले, चाचणीची रीत त्याची, आणि त्याचे तपासनीस कार्यशाळेत हजर. निर्मात्याने विकावयाचे ते केवळ आज्ञापालन, असे म्हटले तर ते कडवट वाटेल, पण चुकीचे ठरणार नाही.

एसएलव्ही-३ चे यशस्वी उड्डाण १८ जुलै १९८० रोजी झाले. पुढील पीएसएलव्ही या वाहकाच्या पहिल्या टप्प्यासाठी जुने पोलाद पुरेनासे झाले. २.८ मीटर व्यासाची, पाच खंडांची आणि शंभराहून अधिक टन इंधन पोटात घेणारी ही मोटर; तिच्या कवचासाठी १८ टक्के निकेल असलेले मॅरेजिंग पोलाद निवडले गेले. या पोलादाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय करारातील कडकपणाचे कारण कळणार नाही. नरम असताना ते वाकविता, कातता व जोडता येते. नंतर सुमारे ४८० अंश सेल्सिअसवर भट्टीत ठेवले की ते कमालीचे बळकट होते, आणि तसे होताना किंचित आकसते. कवचाची जाडी आठ मिलिमीटरांच्या आसपास. एवढ्या पातळ भिंतीत जोडाच्या आत राहिलेली बारीकशी फटही घातक. आणि ती फट खोदून पुन्हा जोडावी तर प्रत्येक दुरुस्तीगणिक भोवतालच्या धातूची प्रकृती बदलते. साखरेच्या पॅनवर जो वेल्डर सहज घासून पुन्हा टाका घाली, त्यालाच येथे क्ष-किरणांचे चित्र पाहून हात थांबवावा लागे. दोष कोठे, किती लांब, आतवर किती, ही नोंद खरेदीदाराकडे जाणार. दुरुस्ती करावी, आहे तसे चालवावे की खंडच बाद करावा, हे तिकडून लेखी येणार. तोवर काम खोळंबून राही.

या लेखी परवानग्यांचे दोन प्रकार कारखान्यांत मानले जातात आणि त्यांतील भेद अभ्यासकाने ध्यानात ठेवला पाहिजे. घडविण्यापूर्वीच ‘या नगापुरते आराखड्याहून वेगळे करू द्या’ अशी परवानगी घेणे याला ‘डेव्हिएशन’ म्हणतात. घडून गेल्यावर ‘झाले आहे ते चालवून घ्या’ अशी सूट मागणे याला ‘वेव्हर’. या दोहोंनीही आराखडा बदलत नाही. बदलतो तो तिसऱ्या प्रकाराने, जेव्हा मूळ कागदावर नवी ओळ चढते. आणि ती चढताना एक प्रश्न अटळपणे उभा राहतो, तो म्हणजे कितव्या नगापासून? पूर्वी घडलेल्या नगांचे काय, अर्ध्यावर असलेल्यांचे काय, पोलाद कापून ठेवले आहे त्याचे काय? फेरफाराच्या व्यवस्थापनातील अवघा किचकटपणा या ‘कितव्यापासून’ या शब्दात साठलेला आहे.

पीएसएलव्हीच्या इतिहासातच याची उदाहरणे आहेत. २० सप्टेंबर १९९३ चे पहिले उड्डाण अयशस्वी झाले, १५ ऑक्टोबर १९९४ चे दुसरे साधले. आणि २९ सप्टेंबर १९९७ च्या उड्डाणापासून पहिल्या टप्प्यातील इंधन सुमारे १२८ टनांवरून १३८ टनांवर नेण्यात आले, कारण वाहून न्यावयाचा उपग्रह आता १२०० किलोग्रॅमचा होता. बाजूला जोडावयाच्या लहान मोटरींतही ९ टनांऐवजी १२ टन इंधन घेण्यासाठी लांबी वाढविण्यात आली. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चंद्रयान-१ निघाले ते या वाढीव मोटरींवर. बातम्यांत ही वाढ एका वाक्यात येते. घडविणाऱ्याच्या बाजूने पाहता असा बदल कवच, सांधे, साचे, भट्टी, जलदाबाची चाचणी यांपैकी कशाकशाला स्पर्श करतो याची छाननी अगोदर व्हावी लागते, आणि मगच किंमत व मुदत बोलता येते. पुढे एलव्हीएम-३ च्या एस-२०० मोटरीत व्यास ३.२ मीटर झाला आणि पाचांऐवजी तीन खंड राहिले. तेथे तर फेरफार म्हणण्यापेक्षा नवा करार म्हणणेच योग्य.

सूट देण्याची सवय जडली म्हणजे काय घडते, हे पाहण्यास मात्र परदेशात जावे लागते. अमेरिकेच्या चॅलेंजर यानाचे घन इंधनाचे खंड मॉर्टन थायोकॉल ही कंपनी घडवीत असे. खंडांमधील सांध्यात रबरी कड्यांच्या दोन ओळी होत्या. पैकी दुसरी कडी खात्रीची नाही हे १९८२ अखेर मान्य झाले, तरी १९८३ च्या मार्चमध्ये त्याबद्दल सूट मंजूर करण्यात आली. १९८५ च्या उन्हाळ्यात सांध्याबाबत उड्डाणाला अट घालण्यात आली आणि पुढच्या प्रत्येक उड्डाणापूर्वी ती अट बाजूस सारण्यात आली. विशेष असे की, सुधारलेल्या सांध्यासाठी लागणारे नवे पोलाद त्याच वर्षीच्या जुलैत मागविण्यात आले होते! म्हणजे फेरफार ठरला होता, फक्त तो पुढच्या नगांसाठी ठरला होता. हाती असलेले जुने नग उडत राहिले. २८ जानेवारी १९८६ च्या थंड सकाळी सात माणसे प्राणांस मुकली. आराखडा चुकीचा असणे ही एक गोष्ट आणि चुकीचा आहे हे ठाऊक होऊनही ‘कितव्या नगापासून’ याचे उत्तर सोयीने देणे ही दुसरी. चौकशी आयोगाचा अहवाल या दुसऱ्या गोष्टीबद्दल अधिक बोलका आहे.

अणुभट्ट्यांच्या बाबतीत हाच प्रश्न वर्षांऐवजी दशकांच्या मापाने येतो. वालचंदनगरने अणुवीज केंद्रांसाठी कॅलँड्रिया, टोककवचे यांसारखी उपकरणे घडविली. या वस्तूंची मागणी नोंदविल्यापासून त्या भट्टीत बसेपर्यंत बराच काळ लोटतो, आणि त्या काळात आधीच्या भट्टीचा अनुभव येऊ लागतो. राजस्थानातील रावतभाटा येथील पहिली भट्टी कॅनडाच्या आराखड्यावर उभारली गेली; तिच्या टोककवचाचे पोलाद साडेतीन टक्के निकेलचे होते. किरणोत्साराच्या माऱ्याने असे पोलाद ठिसूळ होते. १९८१ मध्ये त्या भट्टीच्या दक्षिणेकडील टोककवचाला तडा गेला. भारतीय अभियंत्यांनी पुढील भट्ट्यांसाठी निष्कलंक पोलाद स्वीकारले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने हात काढून घेतला होता, त्यामुळे आराखड्याचा मूळ कर्ता विचारायलाही उरला नव्हता. चौकटीत सही करण्याचा अधिकार अनायासे आपल्याकडे आला. धातू बदलला की जोडकामाची तार, तापमान, तपासणी, वेल्डरची परीक्षा हे सारे बदलते. ‘पोलादाचा प्रकार बदलला’ या एका ओळीचा अर्थ कार्यशाळेत काही महिन्यांचा होतो.

सरकार हा खरेदीदार असला म्हणजे आणखी एक पेच उद्भवतो. जागेवर हजर असलेला अधिकारी तोंडी सांगतो, ‘एवढे करून टाका, कागद मागाहून येईल.’ आणि संविधानाच्या अनुच्छेद २९९ प्रमाणे सरकारचा करार राष्ट्रपती किंवा राज्यपाल यांच्या नावाने, अधिकृत व्यक्तीच्या हातून व्हावा लागतो. मग तोंडी आज्ञेने केलेल्या कामाचे पैसे बुडीत समजावयाचे काय? या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल राज्य विरुद्ध बी. के. मंडल आणि मुले या प्रकरणात दिलेला, १९६२ च्या निकालसंग्रहांत आलेला निर्णय अभ्यसनीय आहे. कंत्राटदाराने अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून सरकारसाठी बांधकामे करून दिली होती. विधिवत करार नव्हता. न्यायालयाने करार मानला नाही, परंतु काम फुकट करण्याचा हेतू नव्हता आणि सरकारने त्याचा लाभ घेतला, म्हणून करार अधिनियमाच्या कलम ७० प्रमाणे मोबदला देवविला. याच्या जोडीला १९६० चा अलोपी प्रसाद प्रकरणातील निर्णय वाचला पाहिजे. सैन्याला तूप पुरविणाऱ्या त्या पेढीने युद्धामुळे परिस्थिती पालटली म्हणून ठरल्याहून अधिक मोबदला मागितला. न्यायालयाने तो नाकारला. दोन्ही निर्णय एकत्र ठेवले म्हणजे स्थिती अशी दिसते : करारात मुळीच नसलेले काम केले तर दाद मिळू शकते, करारात असलेले काम जड झाले तर मिळत नाही. आराखड्यातील फेरफार नेमका या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. वाढविलेली जाडी हे नवे काम की जुनेच काम अधिक जड? या प्रश्नाचे उत्तर न्यायालयापर्यंत जाण्याआधी बहुधा फेरफाराच्या पत्रातील शब्दयोजनेवरच ठरून गेलेले असते.

आता इंदापुराहून बारामतीकडे वळू. येथील औद्योगिक वसाहतीत विसाव्या शतकाच्या अखेरीस पियाजियो या इटालियन कंपनीचा तीनचाकी वाहनांचा कारखाना आला आणि ‘आपे’ हे नाव खेड्यापाड्यांत पोचले. वाहनाच्या धंद्यात नग एक-दोन नसून हजारोंनी असतात; त्यांचे भाग लहानमोठ्या पुरवठादारांकडून येतात, आणि प्रत्येक भागाचा साचा पुरवठादाराच्या यंत्रावर चढलेला असतो. अशा साखळीत फेरफाराचा उगम पुष्कळदा निर्मात्याकडेही नसतो. तो कायद्यात असतो. धूर-उत्सर्जनाच्या नव्या मर्यादा १ एप्रिल २०१७ पासून लागू व्हावयाच्या होत्या. त्या तारखेनंतर जुन्या धर्तीची वाहने बनवावयाची नाहीत, पण बनलेली विकता येतील, असा वाहनधंद्याचा समज होता. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने विक्री व नोंदणीही बंद केली. त्या वेळी देशभर न विकलेली अशी सव्वाआठ लाखांच्या आसपास वाहने होती, त्यांत तीनचाकी सुमारे चाळीस हजार. ‘कितव्या नगापासून’ हाच तो प्रश्न. केवळ उत्तर कार्यशाळेऐवजी न्यायालयाने, आणि तेही तीन दिवस आधी दिले. पुढच्या पायरीच्या वेळी, म्हणजे १ एप्रिल २०२० च्या मर्यादेसाठी, न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०१८ लाच निर्णय देऊन ठेवला. सतरा महिन्यांचा अवकाश मिळाला हे त्या अनुभवाचे फळ होय.

परंतु अवकाश मिळणे आणि भार हलका होणे या भिन्न गोष्टी आहेत. इंजिन बदलले की धुराचा नळ, त्याचे आधार, इंधनाच्या वाटेतील जोड असे कितीतरी भाग बदलतात. वाहन बनविणारी कोणतीही कंपनी पुरवठादारास नवा आराखडा पाठविते. त्याने साचा नव्याने करावयाचा, नमुने मंजूर करून घ्यावयाचे, आणि जुन्या आराखड्याचा तयार माल, अर्धवट माल व कच्चा माल यांचे काय करावयाचे ते मागाहून बोलावयाचे. साच्याचा खर्च कोणी सोसावा आणि फेरफारामुळे निरुपयोगी झालेला किती आठवड्यांचा माल उचलावा, ही दोन कलमे पुरवठ्याच्या करारात स्पष्ट असली तर तंटा राहत नाही. नसली तर मागणीपत्राच्या पाठीमागे बारीक टाइपात छापलेल्या अटी बोलतात, आणि त्या कोणी छापल्या हे सांगावयास नको. साखरेच्या यंत्राचा निर्माता स्वतःच्या फेरफाराचा भार स्वतः वाहत होता. अग्निबाणाच्या कवचाचा निर्माता दुसऱ्याच्या फेरफारासाठी थांबत होता, पण त्याची नोंद तरी उभयपक्षी होत होती. लहान पुरवठादाराच्या वाट्याला कायद्याने घडविलेला, दुसऱ्याने आखलेला आणि तिसऱ्याने लादलेला फेरफार येतो. आणि त्याबद्दल बोलावे तर पुढची मागणी जाण्याची भीती. म्हणून त्याची तक्रार कागदावर फारशी उमटतच नाही.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी २००६ साली झालेल्या अधिनियमाने या बाबतीत थोडा आधार दिला आहे. माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदाराने त्याच्या स्वीकारार्हतेबद्दल लेखी हरकत घेतली नाही, तर तो पोचल्या दिवशीच स्वीकारला असे मानले जाते. पैसे लेखी कराराने ठरलेल्या तारखेस, पण कोणत्याही परिस्थितीत पंचेचाळीस दिवसांच्या आत द्यावयाचे, आणि विलंब झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ व्याज. ही तरतूद पाठविलेल्या मालाचे रक्षण करते. आराखडा बदलल्यामुळे जो माल पाठविताच आला नाही, जो पुरवठादाराच्या फळीवर पडून राहिला, तो मात्र तिच्या कक्षेबाहेर राहतो. त्याचा निवाडा पुन्हा १८७२ च्या कलमांवर येऊन ठेपतो, म्हणजे संमती होती की नव्हती या जुन्याच प्रश्नावर.

या विषयावर पुढे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक सूचना. वार्षिक अहवाल आणि गौरवग्रंथ यांतून फेरफारांचा इतिहास हाती लागणार नाही, कारण तेथे केवळ अंतिम वस्तू दिसते. एकाच मागणीचे चार कागद शेजारी ठेवून वाचावे लागतील : रिव्हिजनच्या ओळींसह आराखडा, फेरफार कळविणारे पत्र, किंमत वा मुदत सुधारणारा आदेश आणि माल रवाना केल्याचे चलन. वर्णनापेक्षा तारखांकडे अधिक लक्ष द्यावे. फेरफाराची तारीख चलनाच्या नंतरची असेल, तर काम आधी झाले आणि मान्यता मागून आली असे समजावे. फेरफाराची तारीख आणि किंमत सुधारल्याची तारीख यांच्यामध्ये जितके महिने असतील, तितके महिने त्या फेरफाराचा खर्च घडविणाऱ्याने आपल्या पदरचा घालून भागविला होता.